दोघी असान तं जा

मार्गशीर्ष लागला की माझ्या घरासमोरच्या बाभळीला कापूस लागतो. बाभळीला कापूस लागत नाही हे मला कळतं, कोणी शिकवायला येऊ नये. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या इतक्या उंच भरलेल्या असतात, की रस्त्यावर वाकलेल्या फांद्या त्यांतून मूठ मूठ कापूस ओढून घेतात आणि महिनाभरात अख्खं झाड पांढरं होऊन जातं. यवतमाळात राहायला येऊन मला उभा जन्म झाला. तरी हे झाड पांढरं व्हायला लागलं, की मी सकाळी दचकून उठते ती शाळेला उशीर होणार या धास्तीनं. वय झालं, गुडघे गेले, धास्ती काही जात नाही.

परवा शेजारच्या सूनबाईंनी विचारलं, "काकू, तुमच्या वेळची शाळा किती मजेची असेल ना?" मी म्हटलं, "थंड होती." तिला वाटलं, मी हवामान सांगतेय. ते तर होतंच. डिसेंबरात शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहा म्हणजे कळेल. पण शाळेचं नाव काढलं की लोकांचा गळा दाटून येतो, तसा माझा येत नाही. माझे पाय गार पडतात. आता हे तिला चहा पिता पिता कसं सांगणार?

आमचं गाव आर्णीच्या वाटेवरचं, धड खेडं नाही आणि धड शहर नाही. एक बाजार, एक जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, पोलीस ठाणं, आणि गावाबाहेर नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हायस्कूल. लांबच लांब कौलारू इमारत, पुढे व्हरांडा, व्हरांड्याच्या टोकाला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. महाराष्ट्र होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होते. वर्गात चाळीसेक मुलगे आणि मुली दोन, मी आणि सुमित्रा.

मुलींनी वर्गात आपलं आपण जायचं नाही, असा तेव्हा रिवाज होता. कोणी काढला ते ठाऊक नाही, पण हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे तो पाळायचे. शाळेत आलो की आम्ही दोघी थेट नकाशांच्या खोलीत. तिथे गुंडाळून ठेवलेले नकाशे, हात लावून लावून आफ्रिका पुसून गेलेला पृथ्वीचा गोल आणि एक डुगडुगता बाक. घंटा झाली की त्या तासाचे सर दाराशी येत, आत न बघता खाकरत आणि म्हणत, "चला." आम्ही खाली मान घालून त्यांच्या मागून निघायचो. पुढच्या दारातून सर आत शिरले की सगळा वर्ग धडाधड उभा राही. तो उभा आहे तोवर आम्ही भिंतीच्या कडेनं जाऊन आमच्या बाकावर बसायचं. तास संपला की पुन्हा सरांच्या मागून नकाशांच्या खोलीत. पाण्याचा माठ मुलांच्या व्हरांड्यात, म्हणून पाणी प्यायचंच नाही. आणि प्यायलं तर पुढे काय, ती सोय शाळेत नव्हतीच. आजच्या पोरींना हे सांगितलं की त्या हसतात. हसा बापा! आम्हीही हसायचो, नकाशाच्या गुंडाळीत तोंड खुपसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचो, कारण आम्ही दोघी होतो.

सुमित्राचं घर बौद्धांच्या वस्तीत, नाल्यापलीकडे. तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्याच साली घरातले देव काढले आणि पोरीला मॅट्रिक करीन, असं सगळ्या वस्तीसमोर बोलून दाखवलं. माझे वडील शिंपी. बाजारात दुकान, दुकानाच्या मागे घर. सातवी झाल्यावर पुढे शिकायचं म्हणून मी घरात आकांत केला, जेवण सोडलं. शेवटी बाबांनी मशीन थांबवली आणि म्हणाले, "ते सुमित्रा जाते ना हायस्कुलात, तिच्यासंगं जा. दोघी असान तं जा. एकटी मी नाई जाऊ देत." बाजारातले शहाणे लगेच हजर. "काहो, कोनाच्या पोरीसंगं धाडून राह्यले तुमी?" बाबांनी दातात धरलेला दोरा तोडला आणि म्हणाले, "मंग तुमची धाडा ना. धाडता?" कोणी धाडली नाही. माझ्या आईनं पहिल्या दिवशी सुमित्राला पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. ती ओंजळभर प्यायली आणि म्हणाली, "गोड हाये व काकू, तुमच्या विहिरीचं पानी." आईला काय वाटलं देव जाणे, पण पुढच्या खेपेला तिनं पेला पुढे केला.

तर तो हिवाळा. दिवाळी झाली. वावरावावरांत सीतादही झाली, म्हणजे पहिल्या वेचणीआधी कपाशीच्या झाडाच्या, आमच्या पराटीच्या, बुडाशी दहीभात ठेवून पूजा करतात, ती. आणि वर्ग अर्धा रिकामा झाला. आमच्याकडे हे दरसालचंच. मुलगे आठ-पंधरा दिवस वेचणीला जायचे आणि फाटलेली बोटं घेऊन परत यायचे. सरही काही म्हणत नसत, त्यांच्याही घरी कापूस असायचा. पण त्या साली सुमित्राचे वडील जिनात कापसाच्या गंजीवरून पडले आणि त्यांची कंबर गेली. आईच्या हाताला हात हवा म्हणून सुमित्रा वेचणीला गेली. जाताना म्हणाली, "वेचनी सरली का येईन व. माह्यी जागा धरून ठेवजो." धरून ठेवायला कोण येणार होतं तिथे बसायला?

बाबांना कळायला वेळ लागला नाही. म्हणाले, "संक्रांतीपावतर पाहू. ते आली तं ठीक. नाई तं तू बी बस घरी, काज-बटन कर." बाबा वाईट नव्हते, हे आधीच सांगते. पण त्यांनी एकदा शब्द टाकला की तो टाकला. मला तर मॅट्रिक व्हायचं होतं. का व्हायचं होतं, पुढे काय करणार होते, काही माहीत नव्हतं. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या सदऱ्यांना काजं करत म्हातारी व्हायचं नव्हतं, एवढंच पक्कं होतं. आता सगळं सुमित्राच्या येण्यावर होतं आणि ती येत नव्हती.

ते दोन महिने मी नकाशांच्या खोलीत एकटी बसले. एकटेपणा म्हणजे काय हे लोक मला आता सांगतात, नवरा नाही, मूल नाही, घरात एकटी राहते म्हणून. त्यांना काय ठाऊक! आता माझ्याकडे रेडिओ आहे, भाजीवाला आहे, भांडायला समोरची बाई आहे. तेव्हा त्या खोलीत मी गोल फिरवत बसायची. खाली हात नेऊन गरगर फिरवायचा, बोट टेकवून थांबवायचा, बोटाखाली कुठला देश आला ते बघायचं, आणि कोणाला सांगायचं? भिंतीपलीकडे मुलं दंगा करायची, एकमेकांना नावं ठेवायची, कोणीतरी कोणाची टोपी पळवायचा. मी कान देऊन ऐकायची. मला त्यांच्यातल्या प्रत्येकाचं हसणं ओळखू यायचं, आणि त्यांनी मात्र माझा आवाज ऐकला होता तो फक्त हजेरीला. दिवसभरात माझ्या तोंडून निघायचा तो एकच शब्द, "हजर." सर आधी "चला" म्हणायचे. एकटीला "चला" म्हणायचं की "चल", असा त्यांनाही पेच पडला असावा. मग ते नुसतेच खाकरायला लागले.

संक्रांतीला मी तिळाचे लाडू पदरात बांधले आणि थेट वावरात गेले. वावर शाळेच्या पुढे, नदीच्या उतारावर. सुमित्रा पराट्यांत वाकलेली, पोटाशी बांधलेली ओटी कापसानं फुगलेली, बोटांवर वाळल्या बोंडांचे ओरखडे. मी लाडू पुढे केला आणि मला रडूच फुटलं.

"माय व! सनासुदीचं काहून रडून राह्यली?"

"बाबा उद्यापासून नाई धाडत मले. तू ये ना सुमे."

तिनं लाडू फोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. पुढच्या ओळीत तिची आई वेचत होती, तिच्याकडे बघत बघत तिनं आपला अर्धा खाल्ला. "कशी येऊ? बाबा उठत नाई अजून. माय एकटी किती वेचन?"

मी डोळे पुसले आणि समोरचं एक बोंड वेचून तिच्या ओटीत टाकलं.

"तुह्ये बाबा दुकानातून कुठपावतर पायतात व?" तिनं एकदम विचारलं.

"जिनाच्या कोपऱ्यापावतर."

"मंग झालं तं! वावराची वाट शाळेवरूनच जाते. सकाळी मी तुले घ्याले येईन. दोघी जाऊ शाळेपावतर. तू शाळेत जाजो, मी वावरात." आणि हसून म्हणाली, "दोघी जा म्हनलं ना त्यायनं? दोघी बसा म्हनलं काय?"

अशी डोक्याची होती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीशी येऊन हाक मारली, "इंदू, चाल व!" मी निघाले. बाबांनी मान वर करून पाहिलं. तिच्या कमरेला ओटीचं फडकं गुंडाळलेलं होतं, हातात भाकरीची पुरचुंडी होती, वही-पुस्तक नव्हतं. जन्मभर कापडात हात असलेल्या माणसाला ते फडकं दिसलं नसेल असं कोणी मला सांगू नये. पण त्यांनी मान खाली घातली आणि मशीन पुन्हा चालू झाली.

त्या वाटेवरच्या सकाळी मला अजून लख्ख आठवतात. रस्त्याला कापसाच्या बंड्यांची रांग जिनापर्यंत लागलेली, बैल रवंथ करताहेत, गाडीवान कांबळी पांघरून शेकत बसलेले. धुकं नदीवरून वर सरकायचं. सुमित्रा विचारायची, "काल काय शिकोलं?" आणि मी चालता चालता आदल्या दिवसाचे सगळे तास तिला सांगायची. शाळेच्या फाटकाशी आलो की ती पराटीची काडी घेऊन धुळीत त्रिकोण काढायची आणि सिद्धता मांडायला लागायची. कधी तिची मधेच अडायची, कधी माझी. मग घंटा व्हायची. ती पायानं त्रिकोण पुसायची, काडी फेकायची आणि चालू लागायची. मी व्हरांड्यातून बघत राहायची, ती उतारावर दिसेनाशी होईपर्यंत. तिला आत यायचं होतं, हे मला कळत होतं. ती रोज फाटकापर्यंत येऊन परत फिरत होती आणि हे ती माझ्यासाठी करत होती. मला लाज वाटायची आणि आनंदही व्हायचा, दोन्ही खरं. दिवसभराचा एकांत त्या अर्ध्या तासाच्या वाटेवर निघून जायचा.

वेचणी काही सरेना. त्या साली कापूस मागून मागून फुटत राहिला. शेतकरी खूश होते, मीच एकटी काय ती पराट्यांवर चिडलेली. तशात मॅट्रिकच्या आधीची परीक्षा आली. आम्ही तिला टेस्ट म्हणायचो. टेस्टमध्ये नापास झालं की शाळा मॅट्रिकला बसूच देत नसे, मग पुढच्या वर्षी बघा. मला पुढचं वर्ष कुठलं? मागच्या खोलीत काजं-बटणं तयारच होती.

पहिले पेपर नीट झाले. सर येऊन खाकरायचे, मी मागून जायची. गणिताच्या पेपरला मी नेहमीसारखी नकाशांच्या खोलीत बसले. घंटा झाली. मुलांचे पाय वाजले, बाक सरकले. मग शांतता. आता येतील, म्हटलं. कागद वाटल्याचा आवाज आला. आता येतील. मग काहीच आवाज येईना. चाळीस मुलं लिहायला लागली की कशी शांतता होते ते शाळेत गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

कोणी आलं नाही. नंतर कळलं ते असं. आपल्याच विषयाच्या पेपरला पहाऱ्यावर थांबायचं नाही असा नियम, म्हणून गणिताचे सर ऑफिसात बसले होते. पहाऱ्याला प्राथमिक शाळेतले एक मास्तर आणले होते, त्यांना आमचा रिवाज ठाऊक नव्हता. हेडमास्तरांना वाटलं, कोणीतरी मला नेलं असेल. म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्यावर विसंबला आणि मी सगळ्यांवर विसंबून बसले. आज वाटतं, अगं बये, ऊठ आणि जा! चार पावलांवर तर वर्ग. पण चार वर्षांत मी त्या दारातून एकदाही आपली आपण आत गेले नव्हते. सुमित्रा असती तर तिनं कोपरानं ढोसलं असतं, "चाल व, काय खाते काय कोनी?" आणि दोघी गेलो असतो. मी तिच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग मला बाबांची मागची खोली दिसली, कोनाड्यातला बटणांचा डबा दिसला. मी उठले.

व्हरांड्यातून गेले आणि पुढच्या दारात उभी राहिले. पहिल्या बाकावरच्या मुलानं दारात सावली पाहिली आणि तो उठून उभा राहिला. त्याला पाहून शेजारचा उठला, मग मागचे, मग सगळा वर्ग धडाधड उभा. इतकी वर्षं त्या दारात मी दिसायची ती सरांच्या मागे, आणि वर्ग उठायचा. त्यांच्या पायांना तीच सवय. पुढे सर नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर सगळे उभे होते. कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. वर्षानुवर्षं एका खोलीत बसून आम्ही एकमेकांची तोंडं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

मागच्या बाजूला असलेले मास्तर धावत पुढे आले. "बसा रे, बसा! कोन साहेब आले?" मग मी दिसले. "तू कोन व?"

"मी याच वर्गातली हाये. माहा पेपर हाये."

"मंग इतका वेळ कुठी होती?"

"वाट पाहून राह्यलती."

"कोनाची?"

मी आमच्या बाकाकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच बाक दाखवला. मी जाऊन बसले आणि उरलेल्या वेळात जेवढं येत होतं तेवढं लिहिलं. भूमितीची सिद्धता आली होती. लिहिताना मला फाटकाजवळची धूळ दिसत होती, हात आपोआप चालत होता. पास होण्यापुरतं झालं, हे बाहेर पडतानाच कळलं.

पेपर सुटल्यावर मुलं व्हरांड्यात घोळक्यानं उत्तरं ताडून बघत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. माझ्याशी ताडून बघायला कोणी नव्हतं. मी सरळ वावरात धावले. सुमित्राला सगळं सांगितलं, नक्कल करून सांगितलं. तिला इतकं हसू आलं की ती ओटीसकट खालीच बसली.

"समदे उभे राह्यले? तुह्यासाठी?"

"सवयीनं व."

"सवयीनं का असेना! राह्यले ना?" ती पुन्हा हसली. मग ओटीची गाठ सोडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग आता मी कायले पायजे तुले?"

मलाही हसू आलं. थट्टेतच म्हणाली ती, असंच मला वाटलं. सूर्य खाली गेला होता, तिच्या आईनं हाक मारली, मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली नाही. शेवटचा पेपर होता. मी पुस्तकं छातीशी धरून पायरीवर उभी. बंड्या जिनाकडे चालल्या होत्या. बाबा कापड बेतत होते. थोड्या वेळानं त्यांनी खडू खाली ठेवला.

"सुमित्रा?"

"नाई आली."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, जिनाच्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं. मी मान खाली घातली. आता ते बस म्हणतील, मग काय करायचं ते मला सुचत नव्हतं. बाबा म्हणाले, "मंग उभी कायले राह्यली? पेपर हाये ना? जा, उशीर होते." आणि पुन्हा खडू उचलला.

मी गेले. त्या दिवशी गेले, मग रोज गेले. नकाशांच्या खोलीत पुन्हा बसले नाही, सरळ वर्गात जाऊन बसायची. मॅट्रिक झाले, यवतमाळला नोकरी लागली, जन्मभर स्वतःचं कमावून खाल्लं. सुमित्रा शाळेत परत आली नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती वावरात असायची, वावरात गेले तर दुसऱ्याच वावरात. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, वणीकडे दिली. पुढची खबर मला कधी लागली नाही.

लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, तिनं तुम्हाला मोकळं केलं हो, केवढं मन! असेल. मन मोठंच होतं तिचं. किंवा थकली असेल रोज त्या फाटकातून परत फिरून, तेही असेल. मला दोन्ही समजतं आणि दोन्हीनं काही भागत नाही. बाभळीवरचा कापूस बघत मी सकाळी खिडकीशी बसते तेव्हा तिचा तो प्रश्न मला अजून छळतो. इतका सोपा प्रश्न, आणि मी हसत बसले, आणि ही बया उत्तर ऐकायला थांबली नाही. आता घरात ऐकायला कोणी नसतं, म्हणून मी मोठ्यानं देते उत्तर. अवं सुमे, कायले म्हंजे काय? कामाले थोडीच पायजे होती तू मले. सोबतीले पायजे होती.